लालडोक्यांचं तळं

रियो गायेगोस
ता. २६ एप्रिल १९९३

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

इकडे दक्षिण टोकाला हिवाळा लागला आणि काल रानहंस उठले. थव्यामागून थवे उत्तरेकडे, म्हणजे तुझ्याकडे. दादा असता तर तुझं पत्र हातात पडताच दुर्बिणीच्या काचा पुसायला बसला असता. यंदा तो नाही म्हणून तू पुस्तक उघडून घरात बसशील, ते चालायचं नाही. नेलिदा आणि चोला, तुझ्या दोघी मैत्रिणींना घेऊन तळ्यावर जा. पुऱ्या तळ, एकाच नळीने ओढायचा चहाचा तुंबा हातोहात फिरव, आणि ते विरळ झालेले लालडोके हंस आले का ते कळव. इथल्या कुरणात यंदा शोधून शोधून थकले, मेंढ्यांखेरीज काही दिसेना. आमचे हे म्हणतात, बायकोचं अर्धं माहेर आकाशात आहे.

प्रकृतीची हेळसांड करू नको. लोभ या पाखरांबरोबर धाडते आहे, वाटेत सांडू नये.

तुझी,
इर्मा

ओरेन्से
ता. १८ मे

चि. सौ. इर्मास,
अ. आ.

तुझं पत्र आलं आणि पाठोपाठ ते आले. रविवारी आम्ही तिघी तळ्यावर गेलो. माझ्या पुऱ्या बघून चोलाने विचारलं, या खायच्या की गाडीच्या चाकाखाली लावायच्या. खाल्ल्या मात्र तिनेच सगळ्यांत जास्त. ऊन छान होतं. कोवळ्या गव्हात हंस चरत होते आणि आम्ही घोंगडीवर लोळत गावातल्या एकेकाची उणीदुणी काढत होतो. अन्सेल्मो गेल्यापासून इतकी हसले नव्हते.

लालडोके आहेत, इर्मा! मोठ्या थव्याच्या कडेला, जोडीजोडीने. नेलिदाला ओळखू येईनात, तेव्हा मी तिच्या हाती दुर्बीण दिली. डोकं विटकरी, अंगाने लहान, असं समजावलं. मग तिने विचारलं, संध्याकाळी हे झोपायला कोणत्या बाजूने येतात. कोणी आवडीने विचारलं की मला राहवत नाही. अन्सेल्मोची बसायची जागा, बोरूच्या बेटातली ती फट, मी तिला दाखवली. तुझ्या दादाने बंदूक टाकली तेव्हापासून ती जागा बंदूकवाल्यांपासून जपली होती; माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. पण नेलिदा का परकी आहे? दफनाच्या दिवशी मी उभी राहिले ती तिच्या खांद्याच्या आधाराने.

एक गंमत. तिने पहिलाच तुंबा ओढून, आभार मानून परत केला. म्हणजे पुढचा नको! जी बाई एकटी अख्खी किटली संपवते, ती! पोटात जळजळतं म्हणाली.

मुलांना गोड पापे. माया आहे तशी असू दे.

तुझी वहिनी,
देल्मिरा

रियो गायेगोस
ता. ४ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

नेलिदाने तुंबा नको म्हटलं? अगं, तिला आधी डॉक्टरकडे ने! माझ्या लग्नात पाद्री खोळंबला होता आणि ही तुंबा हातचा सोडेना. लालडोक्यांचं वाचून मात्र स्वयंपाकघरातच रडू आलं. दादाचं कोणीतरी भेटून गेल्यासारखं वाटलं.

थंडी फार, म्हणून थोडक्यात आटोपते. जीव तुझ्याकडेच आहे.

इर्मा

ओरेन्से
ता. २१ जून

चि. सौ. इर्मास,
अ. आ.

तुझं हसरं पत्र आलं, पण त्या दिवशी उत्तर लिहिण्याजोगी नव्हते.

त्याआधीच्या शनिवारी उजाडताच तळ्याकडून बार ऐकू आले. मी पोचले तेव्हा परदेशी शिकारी पेंढा पांघरून त्या फटीत बसले होते. अन्सेल्मो बसायचा तिथेच. त्यांचा गरम नाश्ता घेऊन नेलिदाची गाडी काठावर उभी होती. तिने घरातल्या खोल्या शिकाऱ्यांना द्यायला घेतल्यात. चोलालाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडे परवाना होता, मला बोलायला जागा नव्हती. मेलेली पाखरं फोटोसाठी ओळीने मांडली होती. त्यांत एक लालडोकी. तिचा नर वर घिरट्या घालत ओरडत होता, बारांनाही भीत नव्हता.

संध्याकाळी नेलिदा दारात आली. म्हणाली, पाखरंच ती, गहू खातात, सगळा गाव त्यांना शिव्या देतो, आणि तुझा अन्सेल्मोही मारायचाच की. हे खरं आहे, म्हणून जास्त लागलं. म्हणाली, अगं, त्याच दिवशी सांगणार होते, पण तू इतक्या दिवसांनी हसत होतीस. तेव्हा मला कळलं तिच्या पोटात काय जळत होतं. माझ्या हातचं पिताना तिला सगळं ठाऊक होतं.

दारी आलेल्याला तसंच धाडायची आपली रीत नाही. मी तुंबा भरला, गार पाण्याने. गार तुंबा म्हणजे ‘तू आता या घरी नकोशी’, हे इथल्या पोरालाही कळतं. नेलिदाने तो शेवटच्या थेंबापर्यंत ओढला. परत करताना आभार मानले नाहीत; तुंबा तसाच पुढे धरून थांबली, दुसऱ्यासाठी. मी भरला नाही.

आता रोज तिन्हीसांजेला पुऱ्यांची कढई आणि पळी घेऊन तळ्यावर जाते. ते उतरायला लागले की बडवते. माणसाला भिऊ नका, हे अन्सेल्मोने त्यांना वर्षानुवर्षं गप्प बसून शिकवलं. मी त्यांना भ्यायला शिकवते आहे. बाकीचा थवा लगेच उठतो. लालडोके सगळ्यांत शेवटी उठतात. माझ्याकडे बघत राहतात.

सप्टेंबरात ते तिकडे उतरतील. किती, ते लिहू नकोस. आले, एवढंच लिही.

तुझ्या लोभावर अजून भिस्त आहे.

तुझी वहिनी,
देल्मिरा