तांबड्या पेनाने तपासलेलं कौतुक

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे तो मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजी अजून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात का, आणि तू अजून झोपल्याचं सोंग घेतेस का? आम्ही इकडे ठीक. पत्रास कारण असं काही नाही. दिवाळीची सुट्टी लागली, हात रिकामे झाले, म्हणून लिहितो आहे.

यंदा मला सातवीचा वर्ग दिलाय. अडतीस पोरं. (तू शिकवायचीस तेव्हा साठ असायची, माहीत आहे, ऐकवू नकोस.) मी वर्गात शिरलो की नळ बंद करावा तशी बडबड थांबते. सुरुवातीला वाटलं, काय शिस्त आहे! दोन महिन्यांनी कळलं, पोरांची पाचावर धारण बसलेली असते. मला मागून ‘ताप’ म्हणतात, हेही कळलं. मग मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं आणि फार गोड आवाजात विचारलं, “सर, सुट्टीनंतर वर्ग दुसऱ्या कोणाला देऊ का? मुलं तुमच्याशी बोलतच नाहीत हो.” निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या माणसाचा वर्ग काढून घ्यायचा म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मला फार लागलं ते.

तेव्हा तू आठवलीस. चौथीत तू आम्हाला शिकवायला आलीस, एकवीस वर्षांची, नवी कोरी बाई. पहिल्याच दिवशी मी भर वर्गात “ताई” म्हणालो आणि तू मला तास संपेपर्यंत उभं केलंस. (घरी आईने तुला उभं केलं, ते वेगळं.) पण सुट्टी लागायच्या दिवशी तू एकेकाला टेबलाशी बोलावून त्याची एक चांगली गोष्ट त्याच्या कानात सांगितलीस. ज्याला एक गणित धड येत नव्हतं, तोसुद्धा पहिला नंबर आल्यासारखा छाती काढून जागेवर गेला. कानाशी आलेली तुझी खडूने पांढरी झालेली बोटं मला अजून दिसतात. किती चांगले दिवस होते गं ते! मला तू काय सांगितलंस, ते मात्र आता आठवत नाही. वय झालं.

मी कानाशी गेलो असतो तर पोरं पळाली असती, म्हणून चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकाने खडूच्या डब्यातून एक नाव उचलायचं आणि त्याची एक चांगली गोष्ट लिहायची, खाली सही नको. कोणी वेडंवाकडं तर लिहिलं नाही ना, हे बघायला चिठ्ठ्या घरी आणल्या. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी वाचायला बसलो आणि ताई, पस्तीस वर्षांची सवय, हातात तांबडा पेन कधी आला ते कळलंच नाही. “तो पेन्सिल परत देतो.” उदाहरण द्या, पाचपैकी तीन. “ती रडणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसते.” कारण स्पष्ट करा, साडेतीन. “तो चांगला आहे.” मोघम, पुन्हा लिहा, एक. अडतीसच्या अडतीस तपासून, सही ठोकून, पाकिटांत घालून मोकळा झालो. (ही समोरच बटणं लावत बसली होती. तिला वाटलं, चाचणीचे पेपर आहेत.)

सोमवारी वर्गात पाकिटं फुटली आणि मी काय करून बसलो ते तेव्हा ध्यानात आलं. मग एक मुलगी उठली. तिला पोरं ‘भोंगा’ म्हणतात, पण चार महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. म्हणाली, “सर, मी हरले तरी चिडत नाही, असं लिहिलंय. मग दीड मार्क कशाचा कापला?”

 म्हटलं, “अगं, चुकलंच माझं.”

भोंगा आधी हसली, मग सगळा वर्ग, मग मी. एकमेकांचे मार्क बघायला पोरं बाकांवरून उड्या मारायला लागली, आणि ज्याला एक मिळाला होता तो ‘मोघम’ म्हणून जाहीर झाला. मुख्याध्यापिका बाई दारातून डोकावल्या आणि दार हळूच ओढून घेऊन गेल्या. वर्ग माझ्याकडेच राहिला. मधल्या सुट्टीनंतर टेबलावर एक चिठ्ठी होती, तांबड्या पेनाने लिहिलेली: “सर प्रत्येक ओळ वाचतात. पाचपैकी साडेचार. हसायला उशीर केला म्हणून अर्धा कापला.” (अक्षर ओळखलं, पण नाव सांगणार नाही.) ती मी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.

भाऊजींना नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. गुडघ्याला रोज शेक दे. कंटाळा करू नकोस.

आणखी ता. क. आठवत नाही असं वर लिहिलं, ते खोटं. माझी पाळी आली तेव्हा तू वाकलीस आणि कानात म्हणालीस, “तुझं घरी सांगते.” मी धावत घरी आलो आणि पायरीवर तुझी वाट बघत बसलो. तू आलीस, पिशवी ठेवलीस आणि म्हणालीस, “हातपाय धुतलेस का?” याला सत्तेचाळीस वर्षं झाली. मी मार्क देणार नाही, कारण विचारणार नाही, मोघम असलं तरी चालेल. हातपाय धुतलेत. घरीच आहे.