पाव्हण्यांना दाखवलेला रावण

आप्पा, मुलगी बघायला आलेल्या पाव्हण्यांना भर दुपारी अंधारात कोंडणारा बाप मी तुमच्याशिवाय दुसरा पाहिला नाही. परवा तुमच्या नातीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, काहीही फेकू नकोस." तिचा तरी काय दोष? ती रांगत होती तेव्हा तुम्ही गेलात. तिला ना तुम्ही आठवत, ना तुमचा तो कंदील.

तुमच्या आजोबांनी साहेबाच्या राज्यात पुण्याहून बैलगाडीत घालून आणलेला जादूचा कंदील. पत्र्याची पेटी, वर धुराडं, पुढं पितळी नळीत भिंग. आत दिवा लावायचा, भिंगामागं रंगवलेली काच उलटी सरकवायची, की समोरच्या ओल्या धोतरावर राम-सीता माणसाएवढे उभे. सिनेमा जन्मायच्या आधी आजोबांनी जुन्नर-आंबेगावच्या जत्रा या पेटीवर गाजवल्या म्हणे. धोतरावर राम आला की बायका उठून नारळ फोडायच्या. कुंभकर्णाच्या काचेला एक दांडी होती, ती ओढली की त्याचं तोंड उघडायचं, मिटायचं, आणि सगळ्या प्रेक्षकांनी "ऊठ रे गड्या!" म्हणून ओरडायचं, असा रिवाज. तुमच्या काळात आपल्या येडगावात घरोघरी टीव्ही आले आणि कुंभकर्णाला उठवायला कुणी उरलं नाही. तुम्ही आईच्या मागं लागायचात, तर ती म्हणायची, "मला भाकरी थापायच्यात. झोपू द्या त्या मेल्याला."

आणि मी लग्नाची. माझा डावा डोळा तिरळा. पाव्हणे यायचे, पोहे खायचे, माझ्याकडं बघायचे, मग एकमेकांकडं बघायचे आणि "कळवतो" म्हणून निघायचे. एकानंही कधी कळवलं नाही, पोहे मात्र सगळ्यांनी पुसून खाल्ले. मी वरवर हसायचे, पण आप्पा, मला लग्न करायचं होतं. मला माझं घर पाहिजे होतं. त्या दिवशी मंचरकडून आलेला मुलगा मी खिडकीतून पाहिला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा, नखांत काळं होतं. ओसरीवर चढताना त्यानं सोबत आलेल्या आपल्या आत्याबाईंच्या चपलाही उचलून सावलीत ठेवल्या. मला तो तिथंच आवडला. हे तुम्हाला सांगायची सोय नव्हती.

पोहे अजून कढईत होते, तोवर तुम्ही उठलात. "पावणं, जरा आत चला. गंमत दावतो." मुलगा, त्याचे वडील आणि आत्याबाई बिचारे तुमच्या मागून कोठीच्या खोलीत गेले. खिडकीला घोंगडी लावलेली. तुम्ही आतून कडी घातलीत. बाहेर ऊन मी म्हणतंय, आत रॉकेलचा धूर, पाव्हणे बाजरीच्या पोत्यांवर घाम पुसत बसलेले. आणि मी, जिला बघायला ते आले होते ती, तुम्ही आधीच आत पिटाळलेली, सगळ्यांच्या मागं कंदिलाआड काचा सरकवतेय.

"अवो, पोरगी कंदी दावणार?" आत्याबाईंनी विचारलं.

"दावतो की. आदी सीतेला तर पळवू द्या!"

कुंभकर्ण आला. "वरडा पावणं, ऊठ रे गड्या!" कुणी ओरडेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात तो मुलगा एकटाच खणखणीत ओरडला, "ऊठ रे गड्या!" आणि मग हळूच म्हणाला, "ह्याचं तोंड हालतंय कसं वो?" मी अंधारात हसले. आणि हसता हसताच डोक्यात वीज चमकली. आप्पा मला लपवतायत. डोळा दिसू नये म्हणून हा सगळा अंधार!

असा संताप आला म्हणून सांगू! मी रावणाची काच घातली आणि पोती ओलांडत सरळ धोतरापुढं जाऊन उभी राहिले. डोळ्यांवर झगझगीत उजेड. "बघा," मी म्हटलं, "ही मी. डावा डोळा तिरळा हाय. काय कळवायचं ते आत्ताच कळवा."

रावणाची दहा तोंडं माझ्या अंगभर पसरलेली, मिशा गालांवर. आणि मागून तुम्ही ओरडलात, "ए भवाने, सरक की बाजूला! रावण दिसंना!"

आधी आत्याबाई फिस्सकन हसल्या. मग त्यांना आवरेना. मुलाचे वडील डोळे पुसत म्हणाले, "आवं राहू द्या तिथंच. रावणापरीस पोरगीच लई झ्याक दिसतीया." मुलगा हसून हसून लाल झाला होता. त्याला उचकी लागली. उचकी देत देतच तो म्हणाला, "कळवायचं काय त्यात? पसंत हाय. फकस्त ती दांडीवाली काच मला एकदा खोलून बघायचीय." तुम्ही त्याला काच दिली नाहीत. उलट म्हणालात, "बसा खाली सगळी. रावण मरायचा ऱ्हायलाय." तो मरेपर्यंत कुणाला बाहेर सोडलं नाहीत. पोह्यांचा पार गोळा झाला होता, आईनं त्यावरून तुम्हाला आठवडाभर फैलावर घेतलं.

लोकांना सांगताना मी इथवर सांगते. सगळे पोट धरून हसतात, तुमचा जावई सगळ्यात जास्त. पण आप्पा, एक गोष्ट मी कधी विचारली नाही. त्या दिवशी तुम्ही मला लपवत होता का? की घरात आयते प्रेक्षक सापडले म्हणून तुम्हाला राहवलं नाही? तुमचा स्वभाव बघता दुसरंच खरं असावं, असं मी स्वतःला समजावते. कितीदा तुमच्याजवळ येऊन बसले, शेंगा सोलल्या, विषय जिभेवर आला, आणि "आप्पा, चहा ठेवू का?" असं विचारून उठले. "व्हय पोरी, लपवत व्हतो," असं तुमच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती. आजही नाही. तुम्ही आता उत्तर देणार नाही, म्हणूनच तर विचारतेय.