डब्याचा आवाज

प्रिय रूडी,

बाबा खाणीतून यायच्या वेळी आपण तिघं भावंडं स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली शिरायचो, आठवतं? मी, लुडविक आणि शेंडेफळ तू. वर आई पोटित्साच्या गोड पावाची पोळी लाटत असायची आणि तिच्या सारणातले अक्रोड आपल्या मुठीत असायचे. मागचं दार वाजायचं, मग बाबांचा पत्र्याचा जेवणाचा डबा टेबलावर यायचा. अलगद टेकला, तर आपण हसत बाहेर. आदळला, तर श्वास रोखून तिथेच. लुडविक तर अंगणातल्या पावलांवरूनच कुजबुजायचा, "आज आदळणार." त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

माणसाचं मन ओळखायचं एवढं एकच शिक्षण आपल्याला घरात मिळालं. स्वतःचं मन सांगायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅडेलगुंडांनी मला वळणदार अक्षर दिलं, लॅटिन प्रार्थना दिल्या, आणि रडू आलं की जीभ टाळूला दाबून धरायची युक्तीही दिली. ती अजून कामी येते. परवाच्या सभेतही आली. शाळा मंडळाचा अध्यक्ष म्हणून तू उभा राहून म्हणालास, "भावना घरी शिकाव्यात, शाळेत गणित शिकावं." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत जीभ दाबून मी मनातल्या मनात विचारत होते, कुठल्या घरी, रूडी?

माझ्या वर्गातल्या सकाळच्या गोलाची गावभर चेष्टा चालते, ते मला ठाऊक आहे. मुलं गोल करून बसतात आणि आइस हॉकीची जुनी रबरी चकती हातोहात फिरते. ज्याच्या हाती चकती, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, शहाणपणा शिकवायचा नाही. हॉकीचा कोच गॉर्डी लाहटी भर दुकानात मला म्हणाला होता, "काय मिलकाबाई, आज रडायचा सराव झाला का?" तोच गॉर्डी गेल्या हिवाळ्यात वर्गात आला, "चकती मैदानाची आहे, परत द्या," म्हणून. त्याने ती उचलली मात्र, छोटी रोझलिन गंभीरपणे म्हणाली, "काका, आता तुमची पाळी. बसा." एवढा आडदांड माणूस त्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसला. वर्ग थांबला. आमच्या गोलात थांबतात, घाई करत नाहीत. शेवटी तो चकतीकडे बघत म्हणाला, "माझी बायको, आयरीन, गेल्यापासून मला घरी जावंसं वाटत नाही." कुणी हसलं नाही. रोझलिन म्हणाली, "आमचा कुत्रा देणार नाही, पण त्याला भेटायला या." गॉर्डी आता दर शुक्रवारी गोलात असतो. चेष्टा अजून करतो, पण खुर्ची मात्र स्वतःची घेऊन येतो.

आणि आता ते बोलते, जे आपण कधी बोललो नाही. खाणीने लुडविकला कामावरून कमी केलं, त्यानंतरचं ईस्टरचं जेवण आठव. त्याने ताटातलं हॅम बारीक बारीक चिरलं आणि एक घासही खाल्ला नाही. बाबा म्हणाले, "काय रे, जिभेला कुलूप लावलंस का?" आणि टेबलभर हशा पिकला. त्याच आठवड्यात तो गोठलेल्या तळ्यावर चालत गेला, तो परत आलाच नाही. वितळायला लागलेला बर्फ राखाडी दिसतो, त्यावर आपल्या गावचं कुत्रंसुद्धा पाय ठेवत नाही. गाव म्हणालं, अपघात. पाद्री म्हणाले, अपघात. ज्याला पावलांवरून डब्याचा आवाज कळायचा, त्याला बर्फाचा रंग कळला नाही? त्याला सगळ्यांचं कळत होतं, रूडी. स्वतःचं दुसऱ्याला कसं कळवावं, एवढी एक गोष्ट त्याला कुणी शिकवली नव्हती. गणितात तो वर्गात पहिला होता.

तुमच्या मंडळाचा हुकूम काल हाती आला: सोमवारपासून गोल बंद, नाहीतर मंगळवारच्या सभेत मला काढायचा ठराव. उत्तर हेच. सोमवारी गोल होईल. राजीनामा मी देणार नाही. काढायचं तर माझ्यासमोर हात वर करून काढा. त्या दिवशी मी मागच्या रांगेत नसेन. शाळेचं दार बंद झालं, तर चर्चच्या तळघरात बसू, आणि तिथे आईबापांनाही बोलावीन, कारण गरज त्यांनाही तेवढीच आहे. माझ्या पैशांनी घेतलेल्या बुटक्या खुर्च्या तिकडे न्यायच्या. चकती गॉर्डीला द्यायची. मी नसले तर गोल तो चालवील, त्याने शब्द दिलाय. आईचं लाटणं तुझ्या लेकीला, क्लॅराला. लुडविकचे स्केट माझ्याकडेच राहतील. आणि बाबांचा डबा या पत्रासोबत तुला पाठवतेय. मंगळवारी हात वर करण्याआधी तो सभेच्या टेबलावर ठेव. अलगद ठेवायचा की आदळायचा, ते तू ठरव. मी ऐकत असेन.

तुझीच,
मिलका