तपासणीआधीची चक्कर

देवश्री बेटा,

तुले झोप लागली म्हणून उठवलं नाही. मी पुष्करसोबत आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीले दवाखान्यात चाललो.

पोट साफ करायचं औषध पेल्यावर जुलाबानं अंगातली ताकदच गेली. पोटऱ्यात गोळे येऊन राहिले होते, तरी मी "काही नाही होत" म्हणत होतो. पोटच्या पोराले, पुष्करले, ते खरं वाटलं. तू चेहरा पाहून विचारलं, "बाबा, चक्कर येऊन राहिली ना?" तेवढ्यात मी संडासाच्या दारात कोसळलो अन् तूच झेललं. माझे भरलेले कपडे बदलले, डॉक्टरले फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं ओआरएस घोटघोट पाजलं. सुनेसमोर मले लाज वाटत होती. तू म्हटलं, "मी तुमची पोरगी असती तर तुम्ही लाजले असते का?"

तुझी सासू बार्शीटाकळीहून येईन. मी पडल्याचं तिले सांगू नको.

आता बरं वाटून राहिलं. पण पुष्कर आत्तापासूनच घाबरून राहिला. संडासातून रक्त कशानं पडते हे डॉक्टर सांगतील, तवा ऐकाले मले तू जवळ पाहिजे. झोप झाली की ये, बेटा.

बाबा