शेवटच्या गाण्याला किल्ल्या

२ मार्च, सोमवार
आमच्या आवडत्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम पंधराला. मग कायमचं बंद. गायकाचे गुडघे गेले म्हणे. दोन तिकिटं काढली, शेजारशेजारची. एक माझं, एक बायकोचं. ही सध्या भावाकडे आहे, हवापालटाला. सात महिने झाले. हवा मानवलेली दिसते.

४ मार्च, बुधवार. ऑफिसात
लिफ्ट बंद पडल्याच्या तक्रारी घेणं हे माझं काम. आज एकोणीस फोन. सगळ्यांना एकच उत्तर: माणूस निघालाय. शांतपणे सांगितलं की लोक थांबतात. ही मात्र थांबली नाही. आणि भांडण कशावरून, तर भिंतीवरच्या फळीवरून! हिच्या कॅसेटी ठेवायला. नऊ वर्षं सांगत होतो, सुतार निघालाय. एवढी कसली घाई?
दुपारी घरच्या फोनवर रिंग दिली. घरात कोणी नाही हे माहीत होतं. तरी बघितलेलं बरं.

६ मार्च, शुक्रवार
हिचं तिकीट घेऊन मेव्हण्याकडे गेलो. त्याने दारातच उभं केलं. ताई आता इथे राहत नाही, तिने भाड्याने जागा घेतलीय म्हणाला. तिकीट पोचवतो, पण भावोजी, आशा ठेवू नका म्हणाला. पत्ता द्यायचा विसरला. धांदरट आहे.
भावाकडे करमत नाही, म्हणजे मन घराकडे ओढतंय. लक्षण चांगलं आहे.

८ मार्च, रविवार
प्लॅन पक्का. शेवटच्या गाण्याला सगळं पब्लिक घराच्या किल्ल्या वर धरून वाजवतं. तीस वर्षांची रीत आहे. आमची ओळख तिथलीच. हिच्या किल्ल्या हातातून निसटल्या त्या थेट माझ्या कपाळावर. तीन टाके पडले. जाताना ही किल्ल्या फ्रीजवर ठेवून गेली. मुद्दाम नाही, घाईत. शेवटचं गाणं सुरू झालं की त्याच हिच्या हातात द्यायच्या. बोलायचं काही नाही. मग टॅक्सी, घर.
त्याआधी फळी ठोकणार. स्वतः.

१० मार्च, मंगळवार
शेजाऱ्याचं ड्रिल मशीन आणलं. भिंतीचा पोपडा बशीएवढा पडला. भिंतच कच्ची. फळी ही आल्यावर बघू. तिचंही मत घ्यायला हवं.
बँडचा जुना टीशर्ट घातला. पोटापर्यंत आला आणि अडला. उद्यापासून रात्रीचं जेवण बंद.

११ मार्च, बुधवार
जेवलो.

१५ मार्च, रविवार. दुपारी साडेतीन, मैदानात
शेजारची खुर्ची रिकामी. तिघांनी विचारलं. तिघांनाही म्हटलं, निघालीय.
कोणीतरी येतंय. हातात तिकीट आहे. पण मिशा आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी घरी
तो सुतार होता. बाईंनी तिकीट दिलं म्हणाला. त्यांच्या नव्या जागेत कॅसेटींसाठी फळ्या ठोकतोय. सांगितल्या वेळेला आलो म्हणून बाई एवढ्या खूश झाल्या, की तिकीटच देऊन टाकलं. मी विचारलं, आणखी काही म्हणाल्या? म्हणाला, हो, शेजारी एक गृहस्थ असतील, किल्ल्या कशा वाजवतात ते शिकवतील.
बँडचं एकही गाणं त्याला येत नव्हतं. शेवटचं गाणं लागलं तसं त्याने खिशातून एक कोरी करकरीत किल्ली काढली. कुठली विचारलं. म्हणाला, बाईंच्याच घराची, पॉलिशचा एक हात राहिलाय. एकटी किल्ली वाजेना. मी त्याला त्याच्या पट्ट्याच्या बकलावर ती आपटायला शिकवलं. छान वाजली.
हिचा जुडगा माझ्या खिशातच राहिला. हात वर जाईना. मी ढसाढसा रडलो. सुताराला वाटलं, बँडसाठी. पाठीवर हात ठेवून म्हणाला, साहेब, दुसरा बँड निघेल.
फळी किती वेळात झाली, विचारलं. वीस मिनिटं म्हणाला.

१६ मार्च, सोमवार. ऑफिसात
पहिला फोन एका बाईंचा. सातव्या मजल्यावर राहतात, लिफ्ट बंद, सकाळपासून वाट बघतायत. माणूस निघालाय म्हणायला तोंड उघडलं.
पण सांगितलं, बाई, कोणी निघालेलं नाही. तुम्ही जिन्याने जा.