कॉफीआधी वारा नाही

४ मार्च, मंगळवार
फडफड थांबली. स्वतःहून नाही — शिकाऊने थांबवली.
वाऱ्याच्या बोगद्यात ताशी सव्वाशेचा वारा सोडला होता. एवढ्या वाऱ्यात यालमारचा पंख एरवी वेड्यासारखा फडफडतो. लांब, हलका, लवचिक पंख, त्याचा दोषच तो. त्याच्या मागच्या कडेला चार छोट्या झडपा आहेत. कुठली झडप केव्हा किती हलवायची ते शिकाऊ ठरवतो. शिकाऊ म्हणजे माझा प्रोग्राम. त्याला मी नियम सांगितलेले नाहीत, नुसती मोजमापं खायला घातली आणि त्याने त्यातून आपलं आपण शिकायचं, असं अडीच वर्षं चाललंय. आज तो शिकला.
यालमार खिडकीच्या काचेला नाक लावून उभा होता. म्हणाला, "इल्वा, गेला की काय गं हा? हलतच नाहीये."
"हलू नये म्हणूनच तर इतकी वर्षं घातली ना."
"तसं होय. मला वाटलं, पगारासाठी."
चौदा महिने खपून त्याने हाताने बांधलाय तो पंख. बोगदा सांभाळणारा माणूस, पण पंख बांधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. ३० एप्रिलला निवृत्त होतोय. त्याआधी २४ एप्रिलला आमचं चार मीटरचं छोटं विमान हाच पंख लावून माळावर उडणार. तेवढं एक बघून जायचंय, म्हणतो.
आज सेमलांचा मंगळवार. यालमारने सेमला, म्हणजे साय भरलेले गोड पाव, दोन खाल्ले. "एक माझा, एक पंखाच्या वतीने." मिशीला साय तशीच. मी सांगितलं नाही.

७ मार्च
घराखालच्या सामाईक धुलाईखोलीत कपडे धुवायची माझी पाळी विसरले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दारावर चिठ्ठी डकवलीय. "काही लोकांना" वगैरे. शेवटी हसरा चेहरा काढलाय, तो जास्त लागला.

१० मार्च, सोमवार
पंख मोडला.
पाहुणे होते, ज्यांच्या शिफारशीवर आमचे पुढच्या तीन वर्षांचे पैसे ठरायचे ते. तोर्स्तेन, म्हणजे आमचा प्रोफेसर, म्हणाला की सव्वाआठलाच दाखवू, त्यांना साडेनऊची गाडी आहे. यालमार दारातच अडून उभा राहिला. दारावर त्याच्या हातचा पुठ्ठा लटकतो — "कॉफीआधी वारा नाही". यालमारचा कायदा! मी इथे आले तेव्हापासून बघतेय. तो आठला येतो, रिकामाच बोगदा चालू करतो, साडेनऊला कॉफी, मग पंख आत, मग काम. कुणाची बिशाद नाही तो मोडायची.
"कॉफीनंतर केलं तर बरं," एवढंच म्हणाला.
तोर्स्तेन म्हणाला, "यालमार, प्लीज. आजच्या दिवस कॉफी राहू दे."
वारा सोडला. ताशी नव्वदलाच फडफड सुरू झाली. शिकाऊ थांबवेना. उलट झडपा हलायला लागल्या तशी ती वाढत गेली. यालमारने लाल बटण दाबेपर्यंत उजव्या टोकाशी कडाड्‌कन आवाज झाला. हातभर तुकडा जाळीवर जाऊन आपटला.
पाहुणे फार सभ्यपणे गेले. त्याचाच राग येतोय.

११ मार्च
सगळा कोड दोनदा वाचला. चूक नाही. मग यालमारला म्हटलं — सगळ्यांसमोर, जेवणाच्या खोलीत — "माझ्या बाजूने सगळं बरोबर आहे. तुझ्या पंखातच काहीतरी आहे. गोंद नीट बसला नसेल."
तो मटार-सूप खात होता. मान वर केली, म्हणाला, "बघतो." सूप अर्धंच ठेवून गेला.
बोलायला नको होतं. पण मग दुसरं असणार तरी काय?

१४ मार्च
तोर्स्तेनने निकाल दिला. कारण ७ एप्रिलपर्यंत सापडलं तर ठीक. नाही तर विमान २४ला उडेल ते विकतच्या जर्मन पंखावर. आणि शिकाऊ बंद ठेवून.
म्हणजे माझी अडीच वर्षं गेली. आणि यालमार घरी जाणार तो "गोंद नीट लावला नव्हता" हे नाव घेऊन. या बिल्डिंगमध्ये असं नाव चिकटलं की चिकटलं.
तो मात्र काही न बोलता पंख दुरुस्त करतोय. मोडलेला तुकडा कॉफीच्या यंत्रावर ठेवलाय, कागदांवर वजन म्हणून. मला टोचायला ठेवला असावा. टोचतो.

१९ मार्च
कॉम्प्युटरमधल्या विमानात तोच प्रसंग चारशे वेळा घडवून पाहिला. चारशेही वेळा शिकाऊने फडफड थांबवली. त्याला तिथे सगळं येतं!

२४ मार्च
काही नाही.

२५ मार्च
आज वॅफलांचा दिवस. यालमारने सगळ्यांसाठी केली. मलाही दिलं, जॅम जास्त घालून. असला माणूस भांडत का नाही? भांडला असता तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल
सापडलं. सापडलं, सापडलं.
नीट लिहिते, नाही तर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.
सकाळी लवकर गेले. यालमार दात दाखवायला गेला होता, त्यामुळे बोगदा बंद आणि हॉल गारठलेला. करायला काही नव्हतं म्हणून दुरुस्त केलेल्या पंखाजवळ बसले आणि चाळा म्हणून नखाने वाजवला. टण्ण. मग कॉफी घ्यायला गेले. यंत्र तापलेलं, वर तो मोडका तुकडा. तोही वाजवला. टप्‌. तोच गोंद, तेच कापड, आणि आवाज वेगळा. तुकडा खिडकीबाहेरच्या बर्फात दहा मिनिटं खोचून ठेवला. परत वाजवला — टण्ण.
थंडीत पंख कडक होतो. कडक पंख जास्त भराभर हलतो. शिकाऊ झडपा हलवतो त्या गरम, मऊ पंखाच्या तालावर. झोक्याला भलत्या क्षणी हात लावला तर तो थांबायचा सोडून वर जातो, तसंच झालं.
मग शिकाऊला तापमान माहीत कसं नव्हतं? धावत जाऊन जुनी मोजमापं उघडली. तापमानाचा रकाना होता. मीच काढून टाकला होता. जो आकडा कधी बदलतच नाही तो शिकवताना ठेवून काय करायचं, काढून टाकायचा. आम्ही सगळेच तसं करतो, विद्यार्थ्यांनाही तसंच शिकवतो. आणि त्या रकान्यात काय होतं? एकतीस. एकतीस. एकतीस. अकराशे मोजमापं आणि सगळी एकतीस अंशांची! कारण यालमार आठला बोगदा चालू करतो, कॉफी होईपर्यंत तो तापून एकतीसला येतो, आणि मग आम्ही मोजतो. १० मार्चला कॉफी झाली नव्हती. बोगद्यात नऊ अंश होते.
एकटीच मोठ्याने हसत सुटले. अडीच वर्षांचं गणित आणि ते अडलं कशावर, तर यालमारच्या कॉफीवर.
तो दुपारी आला, अर्धा गाल बधिर. सगळं सांगितलं. म्हटलं, "पंखाबद्दल बोलले ते चुकलं माझं. गोंद उत्तम आहे."
"बरं," म्हणाला.
"पण तू आधी बोगदा तापवतोस तरी कशाला रे?"
बधिर गाल चोळत राहिला. म्हणाला, "सवय."

४ एप्रिल
तोर्स्तेन खूश. सगळ्या मजल्यावर एकच विषय — यालमारची कॉफी. पंखाच्या गोंदाचं नाव कुणी काढत नाही आता. सुटले.

७ एप्रिल
आज कॉफीआधी वारा. पुठ्ठा यालमारने स्वतःच्या हाताने उलटा केला.
सहा अंशांवर मोजलं, मग दहावर, मग चौदावर. दोघंही जाड कोट घालून. थर्मासातली कॉफी प्यालो, म्हणजे कायदा अगदीच मोडला असं नाही.
मध्येच म्हणाला, "तुला आठवत नसेल..."
"काय?"
"काही नाही. वारा सोडू?"
म्हातारा होतोय. मी म्हटलं, सोड.

१६ एप्रिल
शिकाऊ नव्याने शिकला. यावेळी तापमानाचा रकाना आत आहे. सहा अंशांवर थांबवतो, एकतीसवर थांबवतो. मधल्या आकड्यांवरही थांबवतो, न शिकवलेल्या. कडू गोळी देऊन झाल्यावर पोरगं शहाणं झाल्यासारखं वाटतंय.

२१ एप्रिल
ईस्टरची सुट्टी. आईकडे गेले. अंडी, हेरिंग मासा, पुन्हा अंडी. आई म्हणाली, "चेहरा बरा दिसतोय तुझा." दिसणारच.

२४ एप्रिल, गुरुवार
उडालं!
माळावर सकाळी उणे एक अंश. गवतावर पांढरं. मुद्दामच ही वेळ घेतली. विमान चालवायला रूने. रेडिओची विमानं उडवण्यात त्याची हयात गेलीय. मी गाडीच्या मागे कॉम्प्युटर मांडून बसले होते. यालमार पंखाच्या उजव्या टोकाशी उभा, हातमोजे काढून. डागडुजीच्या जागेवर तळवा ठेवला होता. विमान सुटलं तेव्हाच हात काढला.
रूने दर फेरीला वेग वाढवत गेला. नव्वद. शंभर. "अजून?" मी म्हटलं, अजून. सव्वाशेला आवाज बदलला. पडद्यावर झडपा भराभर हलताना दिसत होत्या आणि पंखाची रेघ सरळ. एकशे चाळीसला पण सरळ.
रूने ओरडला, "अरे हे लोण्यातून चाललंय!"
यालमार आकाशाकडे बघत होता, डोळ्यांतून पाणी. म्हणाला, "वारा फार आहे." वारा मुळीच नव्हता.
उतरल्यावर दालचिनीचे पाव. मी इतकी खूश कधी होते ते आठवून पाहिलं. नाही आठवलं.

३० एप्रिल
यालमारचा निरोप. हिरवा राजकन्या-केक, भाषण, फुलं. तोर्स्तेन म्हणाला, "या माणसाच्या कॉफीने आमच्या सर्वांत हुशार यंत्राला अडीच वर्षं मामा बनवलं!" सगळे खो खो हसले. यालमारपण हसला. तो पुठ्ठा चौकटीत बसवून त्याला भेट दिला. माझीच कल्पना. त्याने तो छातीशी धरला, माझ्याकडे बघून म्हणाला, "हा खरं तर तुलाच द्यायला हवा."
"छे! तुझा कायदा, तुझा पुठ्ठा."
"बरं," म्हणाला.
संध्याकाळी वालबोर्गची होळी, वसंताच्या स्वागताची. तो बायकोबरोबर आला होता. चेहरा भाजेल इतक्या जवळ उभा.

६ मे
लेख पाठवला. अठरा पानं. झालेली चूक लपवली नाही, सरळ लिहिली — "तंत्रज्ञाच्या दैनंदिन सवयीमुळे सर्व मोजमापे एकाच तापमानाला झाली." तोर्स्तेन म्हणाला, प्रामाणिकपणा आवडला. मलाही.

८ मे
लेखाला पहिल्या मोजमापाची तारीख हवी होती. म्हणून अडीच वर्षांपूर्वीची वही काढली. त्यात आहे, माझंच अक्षर, १७ ऑक्टोबर:
"बोगद्याचा माणूस यालमार. बरा वाटला. म्हणतो, सकाळी थंड असताना पण मोजून घे, पंख वेगळा वागतो. म्हटलं, नको, आकड्यांत गोंधळ होईल. तू रोज आधी बोगदा तापवून ठेव, मग कॉफी, मग वारा. 'बरं,' म्हणाला. म्हटलं, दारावर लिहूनच लाव, म्हणजे कुणी मध्ये घुसणार नाही."
लेख परत मागवलाय. सायकल काढतेय. त्याच्या घरी जायला चाळीस मिनिटं लागतात, आणि हे फोनवर सांगायचं नाही.