ट्रंकेतले देव

बोईसर, १४ मार्च १९६७

तीर्थरूप आईस आत्मारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही दोघं खुशाल आहोत. वीजकेंद्राच्या बांधकामावर माझं काम नीट चाललंय. तुझा गुडघा कसा आहे? पुढचं सुलूला दार लावून वाचायला सांग.

आई, सरावलीचं घर झालं असं मी दिवाळीत लिहिलं, ते खोटं होतं. भिंती उभ्या होत्या, कौलं आठवड्यात चढतील असं आपल्याला घर बांधून विकणारा मालक म्हणाला आणि मला दम निघाला नाही. आता त्याच्या भावानं जागेवर हक्क सांगून काम अडवलंय. विचारायला गेलो की मालक म्हणतो, "होईल हो, घर काय पळून जात नाय."

तू मात्र माझ्या शब्दावर बन्सीमामाबरोबर घरचे देव पाठवलेस. स्वतःच्या घरातच मांड म्हणालीस, म्हणून भाड्याच्या खोलीत त्यांचं फडकं सोडायला हात धजत नाही. विजया रोज ट्रंकेपुढे दिवा लावते. नव्या दारासाठी घेतलेलं कुलूप सध्या त्या ट्रंकेलाच आहे.

देव परत पाठवू का? रागावून का होईना, पण लिही.

माझ्यामुळे तुझा देव्हारा रिकामा झाला. सकाळी आंघोळ करून तू हात कुणाला जोडतेस?

तुझा,
आत्माराम